नाव एकीकडे, माती दुसरीकडे: महायुद्धात गेलेल्या माणसाचा माग कसा काढायचा

आमच्या आत्याच्या देव्हाऱ्यात तांबूस रंगाचं एक मोठं नाणं होतं. नाण्यावर घोडा, घोड्यावर माणूस. घरात सगळे त्याला खंडोबाच म्हणायचे. चंपाषष्ठीला त्यावर भंडारा पडायचा, दसऱ्याला चिंच लावून ते लख्ख घासलं जायचं. सिन्नरजवळच्या त्या घरी मी लहानपणापासून जातेय, पण नाणं उलटं करून बघायची बुद्धी पन्नाशी ओलांडल्यावर झाली. मागे इंग्लंडचा राजा, पाचवा जॉर्ज. पुन्हा पुढून नीट पाहिलं, तर घोडेस्वाराच्या दोन बाजूंना १९१४ आणि १९१८.

म्हणजे इतकी वर्षं पूजा चालली होती ती पहिल्या महायुद्धातल्या पदकाची. पदक आजोबांच्या थोरल्या भावाचं. त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य उरलं होतं: "थोरले बाबा बसऱ्याच्या लढाईत पडले." हे वाक्य धरून मी दीड वर्ष बसऱ्याची लढाई शोधत बसले. लढाई सापडली, थोरले बाबा सापडले नाहीत. नंतरचं सगळं सहा महिन्यांत उलगडलं, कारण प्रश्न बदलला. माणूस कुठे पडला हे विचारायचं सोडून दिलं आणि त्याला तिथवर कोणी, कशातून नेलं, हे विचारायला लागले.

तुमच्याकडे अशी एखादी पेटी असेल, किंवा देवळाली कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीतला इंग्रजी दगड बघून "हा इथं कसा आला?" असं वाटलं असेल, तर पुढचं वाचा. निदान माझं दीड वर्ष तरी तुमच्या कामी येवो.

हाताशी काय हवं

• भिंग आणि मोबाइलचा टॉर्च
• पदकं, पट्ट्या, जुनी पाकिटं, पोस्टकार्डं, पेन्शनचे कागद, जे असेल ते
• तीन पिढ्यांची वंशावळ, बापाच्या आणि आईच्या नावासकट
• गावाचं आणि तालुक्याचं शंभर वर्षांपूर्वीचं नाव
• मोडी वाचणारा माणूस, शक्यतो दोन
• एक वही, आणि तिच्यात प्रत्येक शोध तारखेसह लिहायची सवय

जातपडताळणीसाठी तुमच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी कोतवाल बुकाचे उतारे आणि शाळेचे जुने दाखले नक्की काढलेले असतात. ती फाइल आधी मागून घ्या. आमच्याकडे पणजोबांचं नाव कसं लिहायचे यावरून वाद होता, तो त्या फाइलीने पाच मिनिटांत मिटवला. मात्र परदेशात मेलेल्या माणसाची मृत्यूनोंद कोतवाल बुकात सापडेल अशी आशा धरू नका.

१. आधी पेटी, मग इंटरनेट

पदकाची कड वाचा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. टॉर्च वरून मारू नका. पदकाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे अक्षरांची सावली पडते. आमच्या पदकाची निम्मी अक्षरं चिंचेने खाल्ली होती. उरलेली वाचता आली ती भंडाऱ्यामुळे: वर्षानुवर्षांची हळद अक्षरांच्या खाचांत घट्ट बसली होती. तेव्हा विनंती अशी की पदक सापडलं तर चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर नकोच. मऊ फडक्याने पुसा आणि थांबा.

धातूसुद्धा बोलतो. तेच ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळायचं, तर पलटणीबरोबर गेलेल्या बिनलढाऊ माणसांना, म्हणजे स्वयंपाकी, पाणी वाहणारे पखालजी आणि मजूर तुकड्यांतल्या लोकांना, ब्राँझचं. आमचं ब्राँझचं. कडेवर हुद्दा होता कुक. घरात ऐकलेलं की थोरले बाबा हवालदार होते, घोड्यावर बसायचे. आत्याला सांगताना मी जरा चाचरत होते. ती म्हणाली, "अगं, मग पलटण जेवली कोणाच्या हातचं?" विषय संपला.

असं तुमच्याकडेही होईल. घरच्या गोष्टीत हुद्दा दर पिढीला एक पायरी चढतो. हुद्दा चुकीचा धरून शोधलंत तर खरा माणूस समोर असूनही तुम्ही पुढे निघून जाल.

मोडी कागद दोघांकडून वाचून घ्या, आणि एकाने काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नका. आमच्या पेटीतल्या एकुलत्या एका कार्डावरची ओळ पहिल्या वाचकाने "आमचे मुक्कामी इस्पितळात आहे" अशी लावली. वाक्य सरळ होतं, शंका कोणालाच आली नाही. वर्षभराने दुसऱ्या वाचकाने तीच ओळ वाचली: "आमारे मुक्कामी इस्पितळात आहे." आमारे म्हणजे अमारा. इराकमधलं, तैग्रिस नदीवरचं गाव. एका अक्षराने मला वर्षभर फिरवलं.

२. नाव कारकुनाच्या कानाने ऐका

भरतीच्या वेळी नाव सांगणारा मराठी, आणि रोमन लिपीत लिहिणारा कोणीही. गणपतचा गुनपूत होतो, लक्ष्मणचा लक्सुमन किंवा लुचमन, पांडुरंगचा पांडू. कित्येकदा आडनावच नसतं. नुसतं "तुकाराम", पुढे बापाचं नाव, आणि तेही वेगळ्या रकान्यात. त्यामुळे आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकून काही मिळालं नाही तर तिथे पाळण्यातलं नाव टाकून बघा. एकाच नावाची निदान सहा-सात स्पेलिंगं वहीत लिहून ठेवा आणि एकेक खोडत जा.

गावांचंही तेच. जुन्या कागदांत नाशिकचं स्पेलिंग शेवटी एस-आय-के असं असतं. चांदवड तालुका चांदोर म्हणून, पेठ तालुका पेइंट म्हणून, सटाण्याकडचा भाग बागलाण म्हणून. खडकी शोधायची असेल तर किर्की टाका.

आता नाशिककरांसाठी खास सापळा. देवळाली आणि देवळी. राजस्थानातल्या देवळीला दुसऱ्या महायुद्धात मोठी नजरकैदेची छावणी होती आणि तिथे जपानी नागरिक ठेवलेले होते. रोमन लिपीत दोन्ही नावांत दोन-तीन अक्षरांचा फरक. त्यात आपल्या देवळालीतही परके नागरिक कैदेत होतेच. पुढे तिबेटात पोचलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर आधी अहमदनगर, मग देवळाली आणि मग डेहराडून असा हलवला गेला होता. त्यामुळे "देवळालीचा कैदी" असं वाचलं की लगेच खूश होऊ नका आणि लगेच खोडूही नका. मूळ कागदावर प्रांत कोणता लिहिलाय ते बघा. राहुरीजवळची देवळाली प्रवरा हा आणखी एक फाटा.

३. कमिशनची यादी: काय सांगते, काय सांगत नाही

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट आहे. ही संस्था १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून सुरू झाली. तिच्या यादीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन मुदतींतले मृत्यू येतात. तुमचा माणूस १९२२ साली जुन्या जखमेने गेला असेल तर तो इथे नाही.

शोधताना "इंडियन" सैन्य आणि युद्ध, एवढ्या दोनच चाळण्या लावा. नाव अर्धवट टाका. जास्तीची माहिती असा एक रकाना असतो, त्यात तालुक्याचं जुनं नाव टाकून बघा. भारतीयांच्या नोंदीत बऱ्याचदा "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, नाशिक" असं लिहिलेलं असतं. निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतात. घ्याच, आणि रात्री चहा घेऊन एकेक ओळ वाचा.

आता मुख्य गोष्ट. यादीत जागा म्हणून जे लिहिलेलं असतं, ती आठवण ठेवायची जागा असते. मृत्यूची जागा तीच असेल असं नाही, आणि देह तिथे असेल असंही नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी. वहीत तीन रकाने पाडा: मेला कुठे, देहाचं काय झालं, नाव कुठे आहे. माझं दीड वर्ष गेलं ते हे तीन रकाने एकच समजल्यामुळे.

थोरल्या बाबांची नोंद सापडली ती "बसरा मेमोरियल" अशी. घरातलं बसरा तिथूनच आलं असणार, आणि लढाई कोणीतरी मागाहून जोडली. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या, ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,०००हून अधिक लोकांची स्मृती आहे. मात्र ते उभारलं तेव्हा ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांचे फक्त पलटणवार आकडे. म्हणजे संगणकावरच्या यादीत नाव आणि पॅनेल नंबर असला तरी दगडावर नाव असेल असं धरू नका. त्यातही गंमत अशी की ते स्मारकच आता मूळ जागी नाही. शत्-अल्-अरब नदीच्या काठी माकिलच्या गोदीत होतं, ते १९९७ मध्ये तिथल्या सरकारने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेऊन बसवलं.

नावच सापडलं नाही तर? तर माणूस गेलाच नव्हता असा अर्थ काढू नका. कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० लोकांची, त्यात भारतीय पुष्कळ, स्मृती इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही. शिवाय किमान १,१६,००० जणांचं, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नाव कुठेच नोंदलं गेलं नसावं. यातले बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले, पण सगळे नव्हेत.

४. त्या तारखेला पलटण कुठे होती?

यादीतून तारीख मिळाली की पलटणीची युद्ध-डायरी गाठा. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धातल्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या मध्यपूर्वेच्या १६९, इटलीच्या १७० आणि ब्रह्मदेशाकडच्या १७२ या मालिकांत. बऱ्याच स्कॅन करून ठेवल्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळही चाळा.

पलटणींचे नंबर १९२२ साली बदलले, इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. १०३, १०५, ११०, ११६, ११७ आणि ११४ या मराठा पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि दहाव्या बटालियन झाल्या. म्हणजे १९१६ चा "११० मराठा" आणि १९४४ चा "३/५ मराठा" ही एकाच घरातली माणसं. १११ महार ही पलटण मात्र १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, तिला पुढचा नंबरच नाही.

डायरी उघडून त्या तारखेची आणि आधीच्या तीन आठवड्यांची पानं वाचा. तीन आठवडे का, तर जखमी माणूस लगेच मरत नाही. थोरल्या बाबांची तारीख ऑगस्ट १९१७ ची. बगदाद त्याच वर्षी ११ मार्चला इंग्रजांच्या हाती आलं होतं, आणि त्या भयंकर उन्हाळ्यात बरीचशी आघाडी थंडावली होती. पलटणीच्या डायरीत त्या महिन्यात लढाईचं नावही नाही. पाणी, उष्माघात, आजारी माणसांची संख्या, एवढंच. डायरीत लढाई नसेल तेव्हा समजायचं की माणूस मेला तेव्हा पलटणीपाशी नव्हताच. मग तो कुठे होता, हा पुढचा प्रश्न.

५. माणूस तिथे पोचण्याच्या वाटा

माझ्या पाहण्यात चार वाटा आल्या. प्रत्येक नोंद यातल्या कुठल्या वाटेवर बसते ते बघा.

इस्पितळाची वाट. सगळ्यात रहदारीची. अमारा ३ जून १९१५ ला इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि लगेच इस्पितळांचं गाव झालं. नदीच्या दोन्ही काठांवर तंबू आणि बराकी. एप्रिल १९१७ मध्ये तिथे सात मोठी लष्करी इस्पितळं होती. आघाडीवरून माणसं बोटींत घालून नदीने खाली आणायची: अमारा, मग बसरा, मग जहाजाने मुंबई. या साखळीत माणूस जिथे मेला तिथे उतरवला गेला. अमाऱ्याच्या डाव्या काठावर भारतीयांची वेगळी दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जण आहेत आणि नावानिशी माहीत आहेत फक्त नऊ, कारण नोंदीच ठेवल्या गेल्या नव्हत्या. थोरले बाबा त्या पाच हजारांत आहेत की त्यांना अग्नी मिळाला, हे कोणत्याही कागदावर नाही. आत्याने एवढंच विचारलं, "नदीकाठी आहे ना?" आहे, म्हटलं.

याच वाटेवर इंग्लंडही लागतं. फ्रान्समधले जखमी भारतीय ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात नेले. ब्रायटनमध्ये मेलेल्या ५३ हिंदू आणि शिखांना गावाबाहेरच्या टेकडीवर, पॅचमला, अग्नी दिला. तिथे आज छत्री उभी आहे. खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला लढल्या. त्या तुकड्यांत कोणी असेल तर फ्रान्सबरोबर इंग्लंडमधल्या याद्याही बघा.

कैदेची वाट. सगळ्यात लांबची, आणि घरच्यांना सगळ्यात कमी माहीत असलेली. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तिथून कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं. म्हणून कुतच्या शिपायाचा शेवट सीरियात किंवा तुर्कस्तानात सापडू शकतो. फ्रान्समध्ये पकडलेले भारतीय बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथल्या झेहरेन्सडॉर्फच्या दफनभूमीत २०६ भारतीय आहेत. दुसऱ्या महायुद्धात २/५ मराठा पलटण जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. तिथले कैदी आधी इटलीत, आणि इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये हत्यार टाकल्यावर बरेच जर्मनांच्या हातात. फ्रान्समधल्या एपिनालला भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. तिच्यावर ११ मे १९४४ ला अमेरिकी विमानांचे बॉम्ब पडले. काही कैदी मेले, शेकडो पळाले आणि डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला पोचले. आफ्रिकेत लढलेला मराठा फ्रान्सच्या पूर्व टोकाला कसा, याचं उत्तर हे असं असू शकतं. सिंगापूरला पकडलेल्या भारतीयांना तर जपान्यांनी न्यू गिनीपर्यंत नेलं, म्हणून राबाउलच्या दफनभूमीत आपली नावं भेटतात.

कैद्यासाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या पहिल्या महायुद्धातल्या याद्या बघा. त्या इंटरनेटवर खुल्या आहेत. शोधायला किचकट आहेत, पण मिळालं तर छावणीचं नाव मिळतं.

थांब्याची वाट. लढाईला जाताना किंवा घरी परतताना वाटेतच मेलेले. बंदर, ट्रान्झिट छावणी, जहाज. मृत्यू १९१८ च्या जून ते नोव्हेंबरातला आणि ठिकाण मुंबई, पुणे, देवळाली असं असेल तर आधी इन्फ्लुएन्झाचा संशय घ्या.

चौथी वाट मेल्यानंतरची. कबर स्वतःच हलते. विखुरलेल्या कबरी उकरून एका ठिकाणी आणणं हे कमिशनचं नेहमीचं काम होतं. इंग्लंडमधल्या वोकिंगजवळ भारतीय मुसलमान सैनिकांची खास दफनभूमी होती, ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रूकवूडला हलवली. कमिशनच्या पानावर नोंदीखाली जुने फॉर्म जोडलेले असले तर तेच आधी उघडा. "कॉन्सन्ट्रेशन" असं शीर्षक असलेल्या फॉर्मवर देह आधी कुठे होता आणि ओळख कशावरून पटली, हे लिहिलेलं असतं. मला विचाराल तर या सगळ्या शोधातला सगळ्यात मोलाचा कागद हाच, आणि नवखी माणसं तो उघडतच नाहीत.

६. देवळालीच्या दगडापासून उलटं जायचं असेल तर

आपल्याकडच्या दगडांची गोष्ट उलट्या दिशेने वाचायची. लढाई मेसोपोटेमियात, मग वेल्समधला पोरगा नाशिकच्या मातीत का?

देवळाली ही एकोणिसाव्या शतकापासून गोऱ्या फौजेची थांब्याची छावणी. मुंबईला उतरलेल्या पलटणी इथे यायच्या आणि मुदत संपलेले शिपाई इथे जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं थंडीच्या दिवसांतच सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली तो महिनोनमहिने बसून राहायचा. कंटाळा, दारू, हिवताप. डोकं फिरल्याला इंग्रजीत जो "डूलॅली" शब्द आहे तो या देवळालीवरूनच, आणि मूळ वाक्प्रचारात त्याच्या शेपटीला आपला "ताप"ही जोडलेला होता.

पहिल्या महायुद्धात इथली हवा बरी म्हणून इस्पितळं आली. ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल इथेच होतं. तिथे ऑस्ट्रेलियन परिचारिकाही होत्या. बसऱ्याहून जहाज मुंबईला, मुंबईहून गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीवरून देवळालीला. आपण ज्या घाटात वडापाव घेतो त्याच घाटातून हे जखमी वर आले. काही इथेच राहिले.

आता तीन रकाने आठवा. पहिल्या महायुद्धात छावण्यांच्या दफनभूमींत पुरलेल्या, पण जिथल्या कबरी नीट राखणं शक्य नव्हतं अशा १,८०० हून अधिक जणांची नावं खडकीच्या १९१४-१८ स्मारकावर आहेत, आणि देवळालीत पुरलेलेही त्यांत आहेत. म्हणजे नाव खडकीला, माती देवळालीला. दुसऱ्या महायुद्धाचं नेमकं उलटं. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखता आली नसती त्या उकरून खडकीच्या युद्ध दफनभूमीत नेल्या. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. तेव्हा एखाद्याचा मृत्यू १९४३ साली देवळालीत झाल्याचा कागद आहे आणि इथे कबर सापडत नाही, तर दफनभूमीत झुडपं उपसत बसू नका. पुण्याची गाडी पकडा.

दगड वाचताना "असे मानले जाते", "जवळपास कुठेतरी पुरले" अशा अर्थाचे शब्द सोडू नका. दगड बरोबर देहावर उभा नाही, अशी ती कबुली असते. गोऱ्या शिपायांच्या दफननोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मुंबई इलाख्याची मालिका एन/३. त्यांत मृत्यूचं कारण बऱ्याचदा असतं, जे कमिशनच्या यादीत नसतं. एन/३ च्या नोंदी पैसे भरून बघायच्या संकेतस्थळावर आहेत. एक महिन्याची वर्गणी घ्या, आधी यादी तयार ठेवा आणि महिन्यात काम उरका.

देवळालीत कॅमेरा बाहेर काढण्याआधी परवानगी. हा लष्करी भाग आहे. मी पहिल्या दिवशी उत्साहात मोबाइल उंच केला आणि पुढचा एक तास फाटकापाशी बसून आधार कार्ड दाखवत काढला. जवानाची काही चूक नव्हती, माझीच होती. अर्ज, ओळखपत्र, आणि कोणत्या कबरीसाठी आलो त्याचा कागद सोबत असू द्या. खडकीला असा त्रास नाही. तिथे आत शिरल्यावर नोंदवहीची पेटी असते, तिच्यात कबरींची यादी बघता येते.

७. कोणाला लिहायचं

पत्र चुकीच्या दफ्तरात गेलं की वर्ष जातं. माझं पहिलं पत्र असंच गेलं आणि आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: "या कार्यालयाशी संबंधित नाही." तेव्हा पलटण पक्की झाल्याशिवाय पाकीट बंद करू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं दफ्तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तोफखान्याचं दफ्तर तर आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे. म्हणून नाशिकचे लोक सगळी पत्रं तिथेच नेऊन देतात, मग माणूस पायदळातला का असेना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन पत्ता आणि अर्जाचा नमुना विचारून घ्या, हे सगळ्यात सोपं.

अर्जात नंबर, नाव सगळ्या स्पेलिंगांसह, बापाचं नाव, गाव, मृत्यूची तारीख आणि तुमचं नातं, एवढंच लिहा. घराण्याचा इतिहास नको. दुसऱ्या महायुद्धासाठी काहीतरी हाती लागण्याची शक्यता बरी. पहिल्या महायुद्धातल्या साध्या माणसाच्या सेवापुस्तिकेची वाट बघत बसू नका. पंजाबातल्या गावोगावच्या शिपायांची जी मोठी रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयातून बाहेर आली, ती पंजाबपुरतीच. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत "या गावातून इतके गेले, इतके कामी आले" अशा संगमरवरी पाट्या आहेत. त्या आकडा देतात, नाव देत नाहीत.

आणि कोणी "शहिदाच्या वारसांना थकलेली पेन्शन मिळवून देतो" म्हणत फाइल मागितली, तर मूळ कागद हातचा सोडू नका. झेरॉक्स द्या, तीही विचार करून.

८. सापडलं की दुरुस्ती करून घ्या

कमिशनच्या नोंदीत चूक असेल तर पुराव्यासह कळवता येतं. थोरल्या बाबांच्या नोंदीत बापाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. मी पदकाच्या कडेचे चार फोटो, मोडी कार्ड, त्याचं लिप्यंतर दोन्ही वाचकांच्या सह्यांनिशी, आणि जातपडताळणीच्या फाइलीतला पणजोबांचा उतारा पाठवला. उतारा मराठीत, म्हणून भाषांतर जोडलं. नात्याच्या रकान्यात आत्याचं नाव घातलं, कारण मृताची सख्खी पुतणी ती आहे, मी नाही.

सहीसाठी कागद घेऊन गेले तेव्हा आत्या देवपूजेत होती. पदक अजून देव्हाऱ्यातच आहे, भंडाराही पडतो, फक्त चिंच बंद केलीय. सही करून तिने कागद परत दिला आणि विचारलं, "हुद्दा बरोबर टाकलास ना? कुक?"

"टाकलाय, आत्या."

"बरं. आणि ते लढाईचं खोड."